नदीचे काम टाकीत

सकाळी सात ते साडेनऊ ही खराडीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत पाण्याची वेळ. आंघोळी, कमोड, वॉशिंग मशीन, रात्रीची भांडी, आणि गेटवर उभा टँकर. आज टँकर किती लागले, महापालिकेचे पाणी किती वेळ आले, यावर सोसायटीच्या ग्रुपवर रोज बोलणे होते. घरातून बाहेर गेलेल्या पाण्याविषयी मात्र चेंबर तुंबल्याशिवाय कुणी अवाक्षर काढत नाही. आपल्या दृष्टीने ते जाळीखाली गेले की संपले.

ते संपत नाही. खराडीत पुणे महापालिकेचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. त्याची क्षमता ४० एमएलडी, म्हणजे दिवसाला ४० दशलक्ष, सोप्या भाषेत ४ कोटी लिटर. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर टँकरचेच माप घ्यावे. १०,००० लिटरचा एक टँकर धरला तर हे झाले रोजचे ४,००० टँकर. रात्रंदिवस, दर २२ सेकंदांना एक टँकर मैलापाणी दारात येऊन उभे राहिल्यासारखे.

अशा केंद्रात आत येणारे पाणी राखाडी-काळे आणि वासाचे असते. बाहेर पडणारे पाणी, काम नीट चालले असेल तर, जवळजवळ रंगहीन असते. मधला वेळ एका दिवसापेक्षाही कमी. आणि नवल असे, की मुख्य सफाई होते त्या टाकीत साबण नसतो, तुरटी नसते, कुठले औषधही नसते. तिथे फक्त हवा फुंकलेली असते. मग घाण जाते कुठे? आणि हे इतके छान जमत असेल, तर मुळा-मुठेवरच्या मुंढवा-खराडीच्या पुलावरून जाताना आजही नाक का दाबावे लागते?

घाण म्हणजे नेमके काय

मैलापाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. लिटरभर मैलापाण्यात पाण्याव्यतिरिक्त जे काही असते त्याचे वजन साधारण एक ग्रॅम भरते. एका ग्रॅमसाठी लिटरभर पाणी नासते, असे म्हणायला हरकत नाही.

त्या ग्रॅमभरात तीन प्रकारचा ऐवज असतो. एक, डोळ्यांना दिसणारा कचरा: केस, प्लॅस्टिक, चिंध्या, वाळू. दुसरा, पाण्यात विरघळलेला किंवा बारीक तरंगणारा सेंद्रिय भाग: विष्ठा, लघवी, भाताची पेज, डाळीचे धुवण, साबणाचा फेस. तिसरा, रोगजंतू. दिसणारा कचरा गाळून काढता येतो आणि रोगजंतूंना शेवटी मारता येते. अवघड असतो तो मधला. विरघळलेली साखर चहातून गाळणीने काढता येत नाही, तसेच हे.

या मधल्या घाणीचे मोजमाप वजनाने नव्हे, भुकेने करतात. सेंद्रिय पदार्थ हे जंतूंचे अन्न. अन्न खाताना जंतू आपल्यासारखाच प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त खर्च होणार. एका लिटर पाण्यातली घाण फस्त करायला जंतूंना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, त्या आकड्याला बीओडी म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंश तापमानाला ३ दिवस अंधारात बंद ठेवतात आणि बाटलीतला किती प्राणवायू खर्च झाला ते पाहतात. पाण्याची प्राणवायूची भूक, असे बीओडीचे मराठी करावे. घरगुती मैलापाण्याची ही भूक लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅमच्या आसपास असते.

नदी हे काम आधीपासून करत होती

नव्वदच्या दशकाच्या शेवटी महापालिकेची हद्द वाढली आणि खराडी पुण्यात आली. त्याआधी ते मुळा-मुठेकाठचे गाव होते. गावातही माणसे होती, गुरे होती, सांडपाणी होते. तरी त्यामुळे नदी सडली नव्हती. वाहत्या पाण्यातही तेच जंतू असतात, दगडांवरून उसळताना पाणी हवेतला प्राणवायू घेते, जंतू घाण खातात आणि काही किलोमीटर पुढे नदी पुन्हा स्वच्छ होते. त्याही आधीच्या काळी तर मैलाही वाया जात नसे. पुण्यात तो राखेत मुरवून सोनखत करत आणि कालव्याच्या पाण्यावरच्या ऊसवाल्यांना विकत. आज नाक मुरडायला लावणाऱ्या वस्तूच्या नावात तेव्हा सोने होते.

मग बिघडले काय? हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या तापमानाला एका लिटर पाण्यात प्राणवायू विरघळतो तो जेमतेम ८ मिलिग्रॅम. पाणी त्याहून जास्त धरूच शकत नाही. मैलापाण्याची भूक २५० मिलिग्रॅमची. म्हणजे एक लिटर कच्चे मैलापाणी नदीच्या तीसेक लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करते. मुठेवर वर खडकवासला धरण आहे. पावसाळा सरला की नदीपात्रात स्वतःचे पाणी फारसे उरत नाही, मैलापाणी मात्र रोज तेवढेच येते. एका लिटरला तीस लिटर आणायचे कुठून?

प्राणवायू संपला की मासे मरतात, पण कुजणे थांबत नाही. प्राणवायूशिवाय जगणारे वेगळे जंतू कामाला लागतात. त्यांच्या श्वासातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. पाण्यातल्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळा गाळ तयार होतो. पुलावर नाक दाबतो तेव्हा आपण प्राणवायू संपलेल्या नदीचा वास घेत असतो.

शुद्धीकरण केंद्र वेगळे काही करत नाही. नदी जे काम काही किलोमीटर वाहत, भरपूर पाणी घेऊन, सावकाश करत असे, ते काम तिथे काही टाक्यांत काही तासांत उरकले जाते. फक्त जंतूंची संख्या कितीतरी पटींनी वाढवलेली असते आणि प्राणवायू यंत्राने पुरवलेला असतो.

उतार, चाळणी आणि रोळणे

घरापासून केंद्रापर्यंत मैलापाणी शक्यतो पंपाशिवाय जाते. ड्रेनेजचे नळ हलक्या उतारावर टाकलेले असतात. उतार कमी पडला तर मैला तळाशी बसून नळ तुंबतो, म्हणून पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे पाऊण मीटर राहील अशी आखणी करतात. रस्त्यावर ठरावीक अंतराने जी लोखंडी किंवा सिमेंटची झाकणे दिसतात, ती नळाची पाहणी आणि सफाई करण्याची चेंबरे. पाणी उताराने येणार असल्याने अशी केंद्रे बहुधा सखल भागात, नदीकाठी असतात. फार खोल गेलेले पाणी पंपाने वर उचलतात.

केंद्रात पहिली गाठ पडते चाळणीशी. आधी जाड गजांची, मग बारीक फटींची. चाळणीवर रोज काय अडकते, ते नळात काय काय टाकले जाते याची साक्ष असते: सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले टिश्यू, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्य. यातली एकही वस्तू कमोडमध्ये जाण्यासाठी बनलेली नाही.

मग वाळू काढायची. इथली युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. जुन्या बायका तांदूळ रोळत असत. पाण्यात तांदूळ अलगद हलवत ओतून घ्यायचे, जड खडे तळाशी राहतात. हात फार जोरात हलवला तर खडेही जातात, फार हळू हलवला तर तांदूळही मागे राहतात. वाळूच्या टाकीत हेच होते. पाण्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. या वेगात वाळू खाली बसते, हलका मैला पुढे वाहून जातो. वाळू काढली नाही तर ती पंपांची पाती झिजवते आणि पुढच्या टाक्यांचे तळ भरून टाकते.

त्यानंतर अनेक केंद्रांत पाणी मोठ्या गोल टाकीत दोन-अडीच तास जवळजवळ स्थिर ठेवतात. जड मैला तळाशी बसतो, तेल-तूप वर तवंग धरते, तो तवंग साय काढावी तसा काढतात. एवढ्याने तिसरा हिस्सा भूक कमी होते. विरघळलेली घाण मात्र तशीच राहते.

विरजण

खरी गंमत पुढच्या टाकीत आहे. ही वायुवीजनाची टाकी. तळाशी नळ्यांचे जाळे असते, त्यातून मोठे ब्लोअर बारीक बुडबुडे सोडत असतात, पाणी उकळल्यासारखे दिसते. रंग तपकिरी, काहीसा कोको घातलेल्या दुधासारखा. हा रंग घाणीचा नाही, जंतूंचा आहे. कोट्यवधी जंतू एकमेकांना चिकटून लोकरीच्या कणांसारखे पुंजके करतात. टाकीच्या प्रत्येक लिटरमध्ये असे दोन-चार ग्रॅम पुंजके तरंगत असतात. विरघळलेली घाण हे त्यांचे जेवण आणि बुडबुड्यांतला प्राणवायू हा त्यांचा श्वास.

घाण कुठे गेली, याचे उत्तर इथे मिळते. काही भाग जंतूंनी जाळला, त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. उरलेल्या भागाचे नवे जंतू झाले. विरघळलेली, पकडता न येणारी घाण आता चिकट, जड पुंजक्यांच्या रूपात आली. जे गाळता येत नव्हते ते आता बसवता येते. सगळ्या प्रक्रियेचे मर्म या एका रूपांतरात आहे.

म्हणून पुढची टाकी पुन्हा स्थिर पाण्याची. तिथे पुंजके संथपणे तळाशी बसतात आणि वरचे नितळ पाणी कडेवरून ओघळून पुढे जाते. आता तळाशी बसलेल्या त्या तपकिरी गाळाचे काय करायचे?

याचे उत्तर शोधले मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी. मैलापाण्यात हवा फुंकून पाहण्याचे प्रयोग त्यांच्या आधीही झाले होते. पण दर खेपेला तळाचा गाळ फेकून नवे पाणी घेत आणि पाणी पूर्ण शुद्ध व्हायला आठवडे लागत. आर्डर्न आणि लॉकेट यांनी नितळलेले पाणी काढून घेतले, गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी ओतले. असे पुन्हा पुन्हा केले. प्रत्येक खेपेला वेळ कमी होत गेला आणि आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत येऊन ठेपले. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हा शोध मांडला. ज्यांच्या प्रेरणेने हे काम झाले ते गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

मराठी घरात हा शोध समजावून सांगावा लागू नये. हे विरजण आहे. रोजच्या दह्यातले चमचाभर मागे ठेवायचे आणि उद्याच्या दुधाला लावायचे. मागे काही न ठेवता रोज नुसते दूध उघडे ठेवले तर कधी लागेल, कसे लागेल, याचा नेम नाही. केंद्रात बसलेल्या गाळाचा मोठा भाग पंपाने परत हवेच्या टाकीत आणतात आणि येणाऱ्या ताज्या मैलापाण्याला लावतात. यामुळे एक विलक्षण गोष्ट साधते: पाणी टाकीत राहते काही तास, पण जंतू राहतात कित्येक दिवस. उपाशी, अनुभवी आणि गर्दीने भरलेली ही फौज नव्या पाण्यावर तुटून पडते. या गाळाला शास्त्रात सक्रिय गाळ म्हणतात. मला विरजण हा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण त्यात तो जिवंत असल्याचे कळते.

जागा कमी असेल तिथे हेच काम वेगळ्या मांडणीने होते. एका पद्धतीत एकच टाकी पाळीपाळीने भरते, हवा घेते, स्थिर राहते आणि नितळ पाणी सोडते. दुसरीत प्लॅस्टिकच्या लहान जाळीदार चकत्या टाकीत सोडतात आणि जंतू त्यांवर घर करतात. सोसायट्यांच्या तळघरात बहुधा ही चकत्यांची पद्धत असते. मांडणी कुठलीही असो, काम जंतूंचेच.

अर्ध्या तासाची परीक्षा

हे सारे मला पुस्तकातून जितके कळले त्याहून जास्त एका सोसायटीच्या तळघरात कळले. तिथल्या एसटीपीवर, म्हणजे सोसायटीच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर, काम करणाऱ्या गृहस्थांना मी विचारले, "काका, टाकी बरी चालली आहे हे तुम्हाला कळतं कसं?"

ते म्हणाले, "दाखवतो, पण अर्धा तास थांबावं लागेल."

त्यांनी हवेच्या टाकीतून लिटरभर तपकिरी पाणी उंच काचेच्या मोजपात्रात घेतले आणि ते ओट्यावर ठेवले. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच झाले नाही. मग पुंजके एकमेकांना धरू लागले आणि सगळी तपकिरी राशी एखादा पडदा उतरावा तशी खाली सरकू लागली. वर काचेसारखे पाणी उघडे पडत गेले. अर्ध्या तासाने गाळ ३०० मिलिलिटरच्या खुणेजवळ थांबला. काका म्हणाले, "हे असं बसलं की पोट बरं आहे म्हणायचं. बसलंच नाही, वर तरंगत राहिलं, तर कुणीतरी काहीतरी ओतलंय."

काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनी बोटांवर मोजले: संडास साफ करायचे ॲसिड, फिनाइल, रंगकाम झाल्यावर धुतलेले ब्रश आणि थिनर. पूर्वी एका इमारतीत रंगकाम झाल्यावर त्यांची टाकी चार दिवस पांढऱ्या फेसाने भरली होती आणि विरजण दुसरीकडून आणून लावावे लागले होते. जंतू मरतात ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फेस, आणि येतो तो वास.

वीज गेली तरी हीच गत. केंद्राच्या वीजबिलातला जवळपास निम्मा वाटा एकट्या हवेचा असतो, म्हणून काटकसर करायची झाली की पहिला हात ब्लोअरच्या बटणाकडे जातो. अनेक सोसायट्यांत एसटीपी असूनही वास येतो याचे कारण यंत्र वाईट हे नसते. रात्री ब्लोअर बंद ठेवलेला असतो, हे असते. श्वास कोंडलेले जंतू सकाळपर्यंत वाट पाहत नाहीत.

रोगजंतू आणि उरलेला गाळ

नितळ पाण्यातही रोगजंतू उरतात. म्हणून बाहेर सोडण्याआधी क्लोरिन मिसळून पाणी सुमारे अर्धा तास वळणावळणाच्या टाकीतून फिरवतात. क्लोरिनचा उपयोग पाणी आधी नितळ झाले असेल तरच होतो. गढूळ पाण्यात तो घाणीवरच खर्च होतो आणि कणांच्या आत दडलेले जंतू वाचतात.

जंतू वाढत राहतात, म्हणून विरजणापुरता ठेवून जास्तीचा गाळ रोज काढावा लागतो. मोठ्या केंद्रात तो बंद टाकीत कुजवतात, त्यातून गोबरगॅससारखाच जळणारा वायू मिळतो. मग यंत्रात गरगर फिरवून, वॉशिंग मशीनमधले कपडे पिळावेत तसे त्यातले पाणी काढतात. उरलेली मातीसारखी ढेप नीट प्रक्रिया केली तर खत होते. सोनखताकडे जाणारी वाट अजून बुजलेली नाही.

या पाण्याचा आणखी एक उपयोग कोविडच्या काळात दिसला. पुण्याच्या शुद्धीकरण केंद्रांवर येणाऱ्या मैलापाण्याचे नमुने घेऊन राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुणे नॉलेज क्लस्टर यांनी त्यात विषाणूचा माग काढला. लक्षणे नसलेला, चाचणी न केलेला माणूसही संडासला जातोच. त्यामुळे शहरात साथ चढते आहे की उतरते आहे, हे मैलापाणी सांगू शकते.

चौकट: एका लिटर मैलापाण्याचा प्रवास

चाळणी: चिंध्या, प्लॅस्टिक, पॅड अडतात.
वाळूची टाकी: वेग ३० सें.मी. प्रति सेकंद, वाळू बसते, मैला पुढे जातो.
स्थिर टाकी: २ ते अडीच तास, जड मैला खाली, तेल वर.
हवेची टाकी: काही तास. जंतू विरघळलेली घाण खातात.
दुसरी स्थिर टाकी: जंतूंचे पुंजके बसतात, त्यांतला मोठा भाग विरजण म्हणून परत.
क्लोरिन: सुमारे ३० मिनिटे.
आत येताना भूक: लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम.
बाहेर पडताना अपेक्षित भूक: १० मिलिग्रॅम (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, २०१९).

मग नदी काळी का

केंद्राला जे पाणी मिळते तेच ते शुद्ध करू शकते. खराडीचा आकडा पुन्हा घेऊ. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के ड्रेनेजमध्ये, हा नियोजनाचा प्रचलित हिशेब आहे. त्याप्रमाणे ४० एमएलडी केंद्र सुमारे ३ लाख ७० हजार माणसांना पुरते. पण मोठ्या इमारतीत माणशी पाणी याहून जास्त वापरले जाते आणि आयटी पार्कमध्ये दिवसा येणारी माणसे या मोजणीत धरलेलीच नसतात.

शहराचे चित्रही असेच. भैरोबा, नायडू, एरंडवणे, विठ्ठलवाडी, बोपोडी, तानाजीवाडी, बाणेर, मुंढवा आणि खराडी या नऊ केंद्रांची मिळून क्षमता ४७७ एमएलडी. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून नदी सुधारण्याचा प्रकल्प आखला, तेव्हाच शहरात सुमारे ७४४ एमएलडी मैलापाणी तयार होत असल्याचे धरले होते. ९९० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्यात ३९६ एमएलडीची ११ नवी केंद्रे आहेत आणि त्यांपैकी ३० एमएलडीचे एक खराडीचे आहे. मूळ मुदत २०२२ ची होती. ती उलटून गेली आणि कामे चालूच राहिली. दरम्यान शहर थांबले नाही. मला या प्रश्नात सर्वात जास्त खटकते ते हे, की आपल्याकडे इमारतीला पाणी आणि वीज जोडायची घाई असते, नळ केंद्रापर्यंत न्यायची नसते.

टाक्या बांधून भागत नाही, हाही मुद्दा आहेच. जे मैलापाणी ड्रेनेजऐवजी पावसाळी नाल्यात सोडले जाते, ते कुठल्याही केंद्राला वळसा घालून थेट नदीत जाते. पावसात उलटे होते. नाल्याचे पाणी ड्रेनेजमध्ये शिरते आणि केंद्र भरून वाहते.

आणि जुन्या पद्धतीच्या केंद्रातून भूक कमी झाली तरी डिटर्जंटमधला आणि मैल्यातला फॉस्फरस बऱ्यापैकी तसाच बाहेर पडतो. फॉस्फरस म्हणजे खतच. उन्हाळ्यात मुळा-मुठेवर जलपर्णीचा जो हिरवा गालिचा पसरतो, त्याला हे खत मिळत असते. बंधाऱ्यांखाली दिसणारा पांढरा फेसही मुख्यतः साबण आणि डिटर्जंटचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रात निघाले, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

जिथे ड्रेनेजच नाही

खराडीच्या शेजारचे वाघोली जून २०२१ मध्ये महापालिकेत आले. इमारती आधीच उभ्या होत्या, ड्रेनेज नव्हते. अशा ठिकाणी मैला सेप्टिक टँकमध्ये साठतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीतल्या एका सोसायटीत टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. आत उतरलेल्या माणसाला धोका टळला असे वाटते आणि त्याच क्षणी तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी उपसायला गाडी बोलवा. माणूस आत उतरत असेल तर काम थांबवा, मग पाणी दोन दिवस तुंबले तरी चालेल.

लहान गावांना भुयारी गटार परवडत नाही, म्हणून हात बांधून बसावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईने २०१८ पासून घरोघरचे सेप्टिक टँक तुंबण्याची वाट न पाहता साधारण दर ३ वर्षांनी पाळीपाळीने उपसायला घेतले आणि तो गाळ स्वतंत्र केंद्रावर नेऊन त्यावर प्रक्रिया सुरू केली. एका नगरपालिकेला हे जमले.

घरातून निघालेले पाणी

तळणीचे उरलेले तेल बेसिनमध्ये ओतू नका, ते नळात गोठते आणि टाकीत जंतूंवर थर धरते. पॅड, डायपर, टिश्यू कमोडमध्ये टाकू नका. ॲसिडची बाटली महिनाभर पुरेल इतपतच वापरा. सोसायटीत एसटीपी असेल तर पुढच्या सभेत एवढेच विचारा: ब्लोअर रात्री चालू असतो का? आणि एकदा खाली जाऊन ते अर्ध्या तासाचे मोजपात्र स्वतः पाहा. शुद्ध केलेले पाणी बागेला, फ्लशला आणि बांधकामाला चालते. टँकरने विकत घेतलेले गोडे पाणी झाडांना घालण्याची गरज नाही.

खराडीच्या पलीकडच्या काठावर, मुंढव्याच्या बंधाऱ्याजवळ जॅकवेल आहे. शहराने वापरून सोडलेले पाणी तिथून उपसून साडेसतरानळीला मुठा उजव्या कालव्यात टाकतात आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती त्यावर भिजते. नदीत राहिलेले पाणी मांजरी ओलांडून थेऊरच्या चिंतामणीला वळसा घालते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि उजनीच्या जलाशयात जाते. उजनीतून सोलापूर पाणी पिते. उजनीच्या खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि आषाढीला वारकरी तिच्यात उतरून स्नान करतात.